शब्दचर्चा : ‘सुपरग्रुप’ला ‘महागट’ म्हणावं का?

प्रश्न माझाच आहे. अमेरिकेतल्या ‘द पोस्टल सर्व्हिस’ या बँडवर मराठीत लिहायला घेतलं होतं. त्यांना सगळीकडे ‘सुपरग्रुप’ म्हणतात, म्हणून पहिल्या खर्ड्यात ‘महागट’ असं लिहून टाकलं. भाचीने वाचलं आणि विचारलं, “मावशी, महागट म्हणजे होते तरी किती जण?” मी म्हटलं, “मुळात दोघं. मग एक गायिका आली.” ती माझ्याकडे बघतच राहिली. तेव्हाच कळलं, शब्द चुकलाय.

‘महा’ लावला की आपल्या डोळ्यांपुढे आकार येतो. महामंडळ, महासभा, महामोर्चा. सुपरग्रुपमध्ये डोकी मोजायचीच नसतात. आपापल्या बँडमध्ये किंवा एकट्याने आधीच नाव कमावलेली माणसं दुसऱ्यांबरोबर वेगळा डाव मांडतात, एवढाच त्याचा अर्थ. बेन गिबर्ड हा ‘डेथ कॅब फॉर क्युटी’ या बँडचा गायक, राहणारा सिॲटलचा. जिमी टँबोरेलो लॉस एंजेलिसचा, टोपणनावाने एकट्यानेच इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा. २००१च्या त्याच्या अल्बममध्ये गिबर्ड एक गाणं गायला आणि दोघांचं जमलं. मग टँबोरेलो ठेका आणि सुरावट तयार करून पोस्टाने पाठवायचा. गिबर्ड त्यात काटछाट करायचा, शब्द लिहायचा, गायचा आणि पुडकं परत धाडायचा. बँडचं नाव पडलं ते यावरून. ‘रायलो काइली’ या बँडची जेनी लुईसही त्यात गायली. ‘गिव्ह अप’ हा त्यांचा अल्बम फेब्रुवारी २००३मध्ये सिॲटलच्या ‘सब पॉप’ या रेकॉर्ड कंपनीने काढला.

तर याला मराठीत काय म्हणावं?

— ‘जुगलबंदी’ का नको? सगळ्यांना कळणारा शब्द आहे.

कळणारा आहे, पण जुगलबंदी समोरासमोर होते. एकाने तान घ्यायची, दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, आणि ऐकणाऱ्यांनी दोघांच्या तोंडाकडे बघायचं. इथे दोघं दोन शहरांत, मध्ये पोस्टाचे दिवस. त्यापेक्षा आपल्याकडे याच कामासाठी वापरलेला शब्द पडून आहे, असं मला मनापासून वाटतं : ‘संयुक्त’. ८ जुलै १९२१ला मुंबईत ‘मानापमान’चा जो प्रयोग झाला, त्याला आजही ‘संयुक्त मानापमान’ म्हणतात. ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले धैर्यधर, ‘गंधर्व नाटक मंडळी’चे बालगंधर्व भामिनी. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नामांकित, एकमेकींशी चुरस असलेल्या कंपन्या एका रंगमंचावर आल्या. कोणतीही कंपनी दुसरीत विरघळली नाही. हे सगळं त्या एका विशेषणात मावतं.

— ताई, ‘संयुक्त’ म्हटलं की मला बँकेतलं खातं आठवतं. आणि तो प्रयोग एका रात्रीचा. बँड म्हणजे रोजचा संसार की.

बँकेच्या खात्याचं मान्य, सरकारी कागदांनी हा शब्द फार वापरलाय. पण ‘संयुक्त महाराष्ट्र’ म्हणताना कुणाला पासबुक आठवत नाही. शब्द कुणाच्या शेजारी बसतो त्यावर ठरतं. संसाराचं म्हणाल, तर या मंडळींनी तो थाटलाच नाही. स्टुडिओत केलेला अल्बम तो एकच. पुढे दहा वर्षं झाली म्हणून २०१३मध्ये आणि वीस वर्षं झाली म्हणून २०२३मध्ये दौऱ्यासाठी जमले, बस. दरम्यान अमेरिकेच्या टपाल खात्याने नावावरून नोटीस पाठवली होती. प्रकरण गोडीत मिटलं : नाव वापरायची मुभा मिळाली, बदल्यात बँडने टपालाचा प्रचार करायचा, आणि खात्याने आपल्या संकेतस्थळावर त्यांची सीडी विकायची. (म्हणूनच नावाचा अर्थ सांगताना मी ‘टपाल सेवा’ न लिहिता ‘टपाल खातं’ लिहिते. नोटीस खातं पाठवतं.)

— आणि त्यांच्या संगीतप्रकाराचं, ‘सिंथ-पॉप’चं काय केलंत? ‘कृत्रिम सुरांचं संगीत’ कसं वाटतं?

कृपा करून ते नको. सिंथेटिक साडीमुळे आपल्याकडे ‘सिंथ’ म्हणजे नकली असं डोक्यात बसलंय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकत्र ठेवणं, जुळवणं. रसायनशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘संश्लेषण’ आहे ते याच अर्थाने. ‘सिंथ-पॉप’मधला ‘सिंथ’ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर चालणारं वाद्य. तो साध्या विद्युतलहरी घेतो, एकीत दुसरी मिसळतो, गाळतो आणि त्यातून असा आवाज उभा करतो जो कुठल्या तारेचा नाही की कातड्याचा नाही. तो नकली कशाने? पाऊस नकली पडला असं आपण म्हणत नाही, आणि ‘गिव्ह अप’मधले ते टपटपणारे बारीक ठेके हेडफोन लावून ऐका, पत्र्यावर पहिले चार थेंब पडावेत तसे येतात. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात आपण कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला ‘कॅसिओ’ म्हणतो, तोही मला ‘कृत्रिम’पेक्षा जिवंत शब्द वाटतो. लेखात मात्र ‘सिंथ-पॉप’च ठेवलाय. वाचणाऱ्याला तो येतो.

— मग ‘संयुक्त’च्या पुढे काय? संयुक्त गट? संयुक्त ताफा?

हे अजून पक्कं नाही. ‘ताफा’ मला फार आवडतो, वाजंत्र्यांचा ताफा हा आपला जुना शब्द. पण आता ताफा म्हटलं की मंत्र्यांच्या गाड्याच दिसतात. ‘फड’ तमाशाचा, तो तिथेच शोभतो. ‘बँड’ला वरातीची आठवण चिकटली आहे, तरी तरुण वाचक तो शब्द दिवसभर वापरतो. सध्या खर्ड्यात वाक्य असं आहे : “दोन शहरांतल्या दोघांनी पोस्टाच्या पुडक्यांतून उभा केलेला हा संयुक्त बँड.” भाचीला वाचून दाखवलं. या वेळी तिने किती जण ते विचारलं नाही, पुडक्यात काय असायचं ते विचारलं.