एन्चिलाडा: तो, ती की ते? आणि मराठीत काय म्हणायचं?

शब्दवेडी
शनिवारी घरी दहा माणसं जेवायला आहेत, लेकीच्या सासरची मंडळी, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मेक्सिकन कुटुंब, आणि बीफ एन्चिलाडा मीच करणार असं मी सांगून बसलेय. विहीणबाईंनी फोनवर कृती दिलीय त्यामुळे ती अडचण नाही, अडलंय शब्दाशी. नाशिकहून आई विचारते काय करणारेस, मी सांगितलं मक्याच्या पातळ भाकरीत खिमा गुंडाळायचा, वरून मिरचीचा रस्सा आणि चीज, मग ओव्हनमध्ये. ती म्हणाली अगं हे झालं वर्णन, नाव काय त्याचं? आणि दुसरं म्हणजे मी 'एन्चिलाडा केला' म्हणते, लेक 'केली' म्हणते, नवरा 'केले'. बरोबर कोण?

मिरीकण
ताई, नावातच कृती आहे. स्पॅनिशमध्ये एन्चिलार म्हणजे मिरची लावणे, त्यावरून एन्चिलादा म्हणजे मिरची लावलेली. आत काय भरलंय, वर चीज आहे का, यातलं नावात काहीच नाही, फक्त मिरचीत माखलेली. आणि त्यातला चिले हा शब्द मुळात स्पॅनिश नाहीच, तो नाहुआत्ल भाषेतला चिल्ली. नाहुआत्ल म्हणजे अ‍ॅझ्टेक लोकांची भाषा, जी मेक्सिकोत आजही बोलली जाते.
आपल्याकडेही पदार्थांना अशी नावं आहेत की. वाटली डाळ, भरली वांगी, दडपे पोहे. डाळीचं काय केलं तर वाटली, पोह्यांचं काय केलं तर दडपले. तसंच हे. आईंना 'माखली भाकरी' सांगा, लगेच कळेल.

कृष्णाकाठ
माखली भाकरी फार आवडलं!! भर घालतो. त्याच साच्यातले अजून शब्द मेक्सिकोत रोज वापरतात, टोमॅटोच्या रश्श्यात बुडवली तर एन्तोमातादा, वाटलेल्या घेवड्याच्या रश्श्यात बुडवली तर एन्फ्रिखोलादा, मोले नावाच्या दाट मसालेदार रश्श्यात बुडवली तर एन्मोलादा. म्हणजे भाकरी तीच, कशात माखली त्यावर नाव बदलतं. म्हणून मला वाटतं की तोर्तिया, म्हणजे ही मक्याची भाकरी, रश्श्यात न बुडवता नुसती रचून वरून चमचाभर सॉस टाकणं हे त्या शब्दाला धरून नाही. आधी गरम तेलात काही सेकंद, मग रश्श्यात दोन्ही बाजूंनी, मग खिमा भरून गुंडाळायची. तेलातून काढली की ती मऊ पडते आणि रस्सा पिऊन तिचा लगदा होत नाही.

ओवी_ज्वारीची
लिंगाबद्दल माझं मत वेगळं आहे. मराठीत आकारान्त परका शब्द आला की आपण सहसा पुल्लिंगी करतो, तो पिझ्झा, तो पास्ता. मग तो एन्चिलाडा, ते एन्चिलाडे. इतकं सरळ असताना स्पॅनिश व्याकरण कशाला आणायचं?

मिरीकण
ओवी, मुद्दा बरोबर आहे पण आकारान्त स्त्रीलिंगी मराठीत कमी नाहीत, शाळा, भाषा, पूजा, सभा. स्पॅनिशमध्ये एन्चिलादा स्त्रीलिंगी आहे कारण तोर्तिया स्त्रीलिंगी, आणि योगायोग असा की आपली भाकरीही स्त्रीलिंगी, पोळीही. मनात भाकरी असेल तर तोंडातून 'ती'च येणार. मग शाळेसारखं चालवायचं, एक एन्चिलाडा, चार एन्चिलाडा, एन्चिलाडेत खिमा. पिझ्झ्याच्या मागे मनात अशी कुठली मराठी वस्तू नव्हती म्हणून तो शेवटच्या अक्षरावर गेला. हे माझं मत आहे, नियम नाही.
उच्चाराचं म्हणाल तर स्पॅनिश बोलणारे दा म्हणतात, तोही जिभेने जेमतेम शिवलेला. डा आपल्याकडे इंग्रजीतून आला. लिहिताना डा चालेल, विहीणबाईंसमोर दा म्हणा.

पाटावरवंटा
शब्दावरून एक कळकळीची सूचना, कारण मी स्वतः यात फसलेय. अमेरिकन कृतीत 'चिली पावडर' लिहिलेलं असतं ते आपलं लाल तिखट नव्हे!! तिकडच्या त्या बाटलीत मिरचीबरोबर जिरं, ओरेगानो, लसूण असं सगळं असतं आणि ती बरीच सौम्य असते, म्हणून कृतीत बिनधास्त तीन-चार टेबलस्पून लिहितात. मी घरचं लवंगी मिरचीचं तिखट तेवढंच घातलं आणि अख्खं जेवण टाकावं लागलं, पोरं रडली. ताई तुमच्याकडे सुकी आंचो आणि ग्वाहियो मिरची सहज मिळेल, ती बिया काढून तव्यावर जराशी भाजा, जाळू नका, कडू होते, गरम पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा, वाटा, गाळा आणि तेलात परता. पुण्यामुंबईत कोणी करत असेल तर ब्याडगी घ्या, रंग भरपूर, तिखटपणा कमी.
आणि कॉर्नफ्लोअर! भारतात कॉर्नफ्लोअर म्हणजे ती सूपात घालायची पांढरीशुभ्र पूड, तिकडे त्याच नावाने मक्याचं पीठ मिळतं. तोर्तियाला दोन्ही नकोत, मासा हारिना नावाचं मक्याचं वेगळं पीठ लागतं.

कृष्णाकाठ
मिरचीवरून आठवलं. ही वस्तू पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली पण नाव आलं नाही. आपण जुन्या मिऱ्यावरून मिरची केलं, तिखट तर तीक्ष्ण वरून आपलंच. उलट बटाटा, काजू, अननस ही नावंसुद्धा तिकडचीच, पोर्तुगीजांच्या तोंडून आली. मला वाटतं झणझणीतपणा आपल्याला मिऱ्यामुळे आधीच ठाऊक होता म्हणून नव्या नावाची गरज पडली नसावी.

ओवी_ज्वारीची
आणि खिमा! तुर्की क्रियापदावरून आलेला, अर्थ बारीक चिरणे. मेक्सिकन खिम्याला पिकादियो म्हणतात, तोही पिकार म्हणजे चिरणे यावरून. दोन टोकांना दोन भाषांनी अगदी एकच विचार केलाय.
बीफ शब्दाचं मात्र जपून. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे बीफ म्हटलं तरी ते म्हशीचं किंवा रेड्याचं असतं. टेक्सासमध्ये बीफ म्हणजे गोमांसच. आईंना सांगताना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा ताई, पण शब्द एक असला तरी वस्तू एक नाही.

शब्दवेडी
आईला ते माहितीये, ती म्हणाली तुझं घर, तुझी माणसं, तू वाढ. पालक आणि चीजच्या सहा वेगळ्या करणारे. आता तिचा पुढचा प्रश्न, मक्याची भाकरी गुंडाळताना मोडत नाही का? आमची तर मोडते.

पाटावरवंटा
मोडणारच, कारण आपण कोरडा मका दळतो. तिकडे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर ठेवतात, सालं चोळून धुतात आणि मग वाटतात. त्याने पीठ चिकट होतं, गुंडाळली तरी तुटत नाही, शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. त्या मक्याला निश्तामाल म्हणतात, त्यात नेश्तली म्हणजे राख. पूर्वी राख वापरत, ती शब्दात राहिली. मासा हारिना म्हणजे याच मक्याचं सुकवलेलं पीठ. आईंना सांगा आपण कोहळ्याच्या पेठ्याला चुन्याची निवळी वापरतो, तसाच चुना.

शब्दवेडी
झालं जेवण! बीफच्या २४ केल्या, ३५० फॅरनहाइटला २० मिनिटं, दोन उरल्या. मी दिवसभर 'केल्या'च म्हणत होते, ठरवून नाही, हाताने भाकरी माखत होते म्हणून आपोआप. अजून एक मिळालं, छोट्या नातवाने रश्श्यात बोट घालून चाटलं आणि ओरडला 'मे एन्चिले!', विहीणबाई पाणी घेऊन धावल्या. तोच शब्द, पण आता भाकरीला नाही, माणसाला मिरची लागली. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, झोंबलं म्हणतोय तो, गुळाचा खडा दे त्याला.