भाडं एकच, पण रेंट की फेअर की हायर?

माझी आठवीतली भाची परवा इंग्रजी निबंधाची वही घेऊन आली. दादरहून टॅक्सी केली आणि ड्रायव्हरला रेंट दिलं असं तिने लिहिलेलं, बाईंनी त्या रेंटभोवती लाल गोल काढलेला, पण बरोबर शब्द काही शेजारी लिहिला नव्हता. मावशी, रेंट म्हणजे भाडंच ना गं, मग चुकलं कुठे?

प्रश्न रास्त आहे. आपण घराचं भाडं म्हणतो, टॅक्सीचं भाडं म्हणतो, टेम्पोचं भाडं, लग्नाच्या हॉलचं भाडं, सगळीकडे तोच एक शब्द, संस्कृतातल्या भाटकापासून आलेला. इंग्रजीत मात्र पैसे नेमके कशाचे देताय ते आधी बघावं लागतं. मी गिरगावात एका एजंटच्या ऑफिसात घरांची अ‍ॅग्रीमेंटं बनवते, भाडं हा शब्द दिवसातून शंभरदा तोंडात असतो, त्यामुळे तिला समजावता समजावता मीच यात गुंतत गेले.

फेअर म्हणजे प्रवासाचे पैसे. जुन्या इंग्रजीत फारान म्हणजे जाणं, प्रवास करणं, त्यातूनच हा शब्द आला, आणि फेअरवेल पण त्याच कुळातला, म्हणजे मुळात सुखरूप जा असं सांगणं. भाचीला म्हटलं, जे तुला इथून तिथे नेतं त्याचं फेअर. बस, रिक्षा, लोकल, विमान. घर तुला कुठे नेत नाही म्हणून घराला फेअर नाही. 1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये झालं, रिक्षाचं 26, ते मिनिमम फेअर. आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे टॅक्सीत बसणाऱ्या माणसालाही इंग्रजीत फेअर म्हणतात. आपले टॅक्सीवाले नाही का सांगत, सकाळी एअरपोर्टचं भाडं मिळालं, ते भाडं म्हणजे मागे बॅग घेऊन बसलेला माणूसच. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच जागी पोचल्या.

मग हायर कुठे येतं? जुन्या टॅक्सीच्या मीटरवर लोखंडी पट्टी असायची, तिच्यावर फॉर हायर लिहिलेलं, आपण बसलो की ड्रायव्हर ती खाली करायचा, मीटर डाऊन म्हणतात ते त्यामुळेच. म्हणजे गाडी हायर होते आणि आपण पैसे देतो ते फेअर. थोड्या वेळापुरती वस्तू वापरायला घेतली की हायर. लहानपणी आम्ही तासावर सायकल आणायचो, दुकानदार वहीत नाव नि वेळ लिहायचा आणि पाच मिनिटं उशीर झाला तरी पुढच्या अर्ध्या तासाचे पैसे लावायचा, ते हायर. मंडपाच्या खुर्च्या, केटररची पातेली, हॉल, सगळं हायर. हे ब्रिटिश वळण झालं, अमेरिकेत गाडीला सुद्धा सर्रास रेंट म्हणतात, त्यामुळे अमेरिकन वेबसाइट वाचून वाढलेली मुलं गोंधळली तर त्यांना दोष देऊ नये.

माणसाला हायर केलं म्हणजे नोकरीवर घेतलं. ते मराठीत भाड्याने घेतलं असं चुकूनही करू नका, आपल्याकडे भाडोत्री म्हटलं की पुढे गुंडच आठवतो. भाडेकरू आणि भाडोत्री, शब्द एकाच घरातले पण मान केवढा वेगळा!

फ्रेटबद्दल थोडक्यात, रेल्वेने नाहीतर जहाजाने माल जातो त्याचं भाडं, पेपरात मालभाडं छापतात ते. घर बदलताना आपण नाक्यावरचा टेम्पो ठरवतो त्याला कुणी फ्रेट म्हणत नाही, तिथे हायर बरं.

राहिलं रेंट. यात इंग्रजी जरा कच्चं पडतं असं माझं मत आहे. आय रेंटेड अ फ्लॅट, यात फ्लॅट दिला की घेतला ते पुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. मराठीत भाड्याने दिला, भाड्याने घेतला, विषय संपला. देणाऱ्यासाठी त्यांच्याकडे लेट आहे म्हणा, टू लेटची पाटी त्यातलीच.

पण मुंबईत खरी काळजी घ्यायची ती रेंट आणि लायसन्स फी या जोडीत. तोंडाने आपण दोन्हीला भाडंच म्हणतो, कागदावर मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. लीजमध्ये जागेत राहणाऱ्याचा हक्क तयार होतो आणि तो देतो ते रेंट. लायसन्स म्हणजे फक्त वापरायची परवानगी, जागेत हक्क काही नाही, म्हणून पैशाला लायसन्स फी. 1882 च्या दोन वेगवेगळ्या कायद्यांत या व्याख्या आहेत, लीजची ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टमध्ये, लायसन्सची ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये. आणि या एका शब्दावर इथे लोकांची अख्खी घरं टिकलीत, कारण 1 फेब्रुवारी 1973 रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडे कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूचं संरक्षण मिळालं. आता 1999 च्या कायद्याप्रमाणे मुदत संपल्यावर लायसन्सवाला जागा सोडत नसेल तर दुप्पट फी द्यायची वेळ येऊ शकते.

म्हणून कुणी सहीला आलं की मी आधी तेवढी ओळ बोट ठेवून वाचून दाखवते. गेल्या महिन्यात एक आजी आल्या होत्या, आयुष्यभर चाळीत भाडेकरू म्हणून राहिलेल्या, आता मुलासोबत अकरा महिन्यांच्या फ्लॅटमध्ये चाललेल्या. कागदावर भाडेकरू शब्द शोधत होत्या. मी सांगितलं, आजी, इथे तुम्ही लायसन्सी. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि विचारलं, म्हणजे पाहुणे का?

याहून नेमका मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. परवानाधारक लिहितात, पण तो ऐकला की टॅक्सीचं परमिट डोळ्यांपुढे येतं. कुणाच्या घरात, कोर्टात, जुन्या करारात वेगळा शब्द वापरात असेल तर नक्की लिहा.

भाचीने टॅक्सीचं वाक्य सुधारलं आणि लगेच विचारलं, मावशी, घोड्यावर बसलो चौपाटीला, तर त्याचं काय? घोडा नेतो पण तिथेच आणून सोडतो. मी म्हटलं राइडचे पैसे लिही, फेअर नको.