डोपामिन म्हणजे फक्त आनंद नव्हे
डोपामिन हे मेंदूतलं ‘आनंदाचं रसायन’, असं बरेचदा लिहिलं जातं. मला ते फार अपुरं वाटतं. आमच्या फोंड्याच्या घरी बाबांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात आहे. डोपामिन कमी पडलं की शर्टाचं बटणसुद्धा लागत नाही, हे मी रोज बघते. या आजारात मेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हालचाल मंदावते, अक्षर बारीक होतं. बाबांना बद्धकोष्ठता तर हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीपासून होती, पण तेव्हा हा संबंध कुणाच्याच लक्षात आला नाही.

डोपामिन थेट देऊन भागत नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा हे औषध देतात; मेंदूत पोचल्यावर त्याचं डोपामिन होतं. पण प्रथिनांतली अमिनो आम्लंही आतड्यातून त्याच वाटेनं आत जातात, मग गोळी मागे पडते. दुपारी शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) आणि तळलेला बांगडा खाऊन लगेच गोळी घेतली की बाबांचे पाय जागचे हलत नसत. डॉक्टरांना विचारून आम्ही ती जेवणाआधी अर्धा तास देऊ लागलो, आणि फरक पडला. मासे सोडावे लागले नाहीत, याचा बाबांना केवढा आनंद!