ऑनर्सला थांबणारी पोरं म्हणे ‘वाट चुकलेली’

राजारामपुरीकर (धागा सुरू करणारे)

दोन दिवस आपल्या सगळ्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. क्लास चालवणाऱ्या कुणा सरांची आहे म्हणे. सार असं: बीएस्सीला चौथं वर्ष ऑनर्स करणारी पोरं वाट चुकलेली, हुशार असती तर बारावीनंतरच इंजिनिअरिंगला गेली असती, आणि कोल्हापुरात बसून शास्त्रज्ञ व्हायची स्वप्नं म्हणजे बापाच्या पैशाची उधळपट्टी. खाली अंगठेच अंगठे.

मी गप्प बसणार होतो. पण माझी भाची यंदा फिजिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या वडिलांनी ही पोस्ट तिला जेवताना मोठ्यानं वाचून दाखवली. पोरगी अर्ध्या ताटावरून उठली.

वर्ष वाया जातं हे गणितच मुळात चुकलंय. तीन वर्षं बीएस्सी आणि दोन एमएस्सी, नाहीतर चार वर्षं ऑनर्स आणि एक एमएस्सी. दोन्हीकडं पाचच. वर चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के पडले तर एमएस्सी न करता पीएचडीला अर्ज करता येतो, नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, बसता येतं. ज्याला नको त्यानं तिसऱ्या वर्षाला पदवी घेऊन बाहेर पडावं, कुणी दोरीनं बांधलेलं नाही. हे सरांना माहीत नसेल असं नाही. पण चौथ्या वर्षाचा क्लास निघत नाही, हीच त्यांची अडचण असणार.

पोरीला फेब्रुवारीत जॅम, म्हणजे एमएस्सीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, द्यायची आहे, आयसरला (विज्ञानाची केंद्रीय संस्था) नाहीतर आयआयटीला जायचंय. नाही जमलं तर इथंच थांबून रिसर्च ऑनर्स. यात उधळपट्टी कुठं आली? लग्नातल्या डीजेला आपण किती घालवतो ते कुणी मोजतं का?

गंगावेस_कट्टा

नारळीकर कोल्हापूरचे. विषय संपला भावा.

हडपसरकर

नारळीकरांचा जन्म 1938 चा, कोल्हापूरचा, खरं आहे. शिक्षण बनारस आणि केंब्रिजचं. म्हणजे गाव सोडलं म्हणून नारळीकर झाले. तुमच्याच उदाहरणानं तुमचा मुद्दा पडला.

मीही बीएस्सी फिजिक्सच, इथल्याच एका कॉलेजातून. विद्यापीठात दुसरा होतो, हे सांगायची लाज वाटते कारण त्याचं पुढं काही झालं नाही. प्रॅक्टिकलला न्यूटन रिंग्ज मिळेपर्यंत तास संपायचा, मग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून रीडिंग. आज पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. पगार चांगला आहे, तो फिजिक्सनं दिलेला नाही. त्या सरांची भाषा वाईट, पण म्हणणं खोटं नाही. जेआरएफ, म्हणजे पीएचडीची सरकारी फेलोशिप, मिळाली तर महिन्याला 37,000 आणि घरभाडं. ती मिळते किती जणांना? बाकीच्यांनी तिशीपर्यंत बापाच्या जिवावर काढायची?

कागलची_आई

मुलीचं म्हणाल तर आमच्या घरात वेगळाच हिशोब झाला. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. तिला केमिस्ट्री आवडते, पण इंजिनिअरिंग फुकट आणि बीएस्सीला पैसे. हे म्हणाले, फुकटचं सोडून विकतचं कशाला? गेली कॉम्प्युटरला. रडली नाही, पण बारावीची केमिस्ट्रीची वही अजून रद्दीत घालू देत नाही. मला वाटतं सरांपेक्षा सरकारनंच ठरवून टाकलंय कोण हुशार ते.

तासिकावाला

सगळे चौथ्या वर्षावर बोलताय. ते शिकवणार कोण, हे कुणी विचारलं का? मी नेट, सेट, पीएचडी. अनेक वर्षं सीएचबीवर. तासाप्रमाणं पैसे, ते पण कधी येतील तेव्हा. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत. रिसर्च ऑनर्स चालवायचं तर गाईडशिपची मान्यता असलेले कायम प्राध्यापक लागतात. जागा भरलेल्याच नाहीत तर गाईड कुठून आणणार? त्यामुळं बऱ्याच ठिकाणी चौथं वर्ष म्हणजे तिसऱ्या वर्षाचाच जास्तीचा अभ्यासक्रम, आत रिसर्च नाही. पोरांना प्रवेश घेईपर्यंत हे कळत नाही.

राजारामपुरीकर

सर, तुमचं दुःख खरं आहे. पण प्रत्येक धागा सीएचबीवर नेलाच पाहिजे का?

तासिकावाला

भाचीला शिकवणारा माणूस महिन्याला किती घरी नेतो हे तुम्हाला विषयाबाहेरचं वाटत असेल तर बोलणंच खुंटलं.

ग्वांगजूवरून

नमस्कार मंडळी. शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी, आता दक्षिण कोरियात पोस्टडॉक. हडपसरकर म्हणतात पुढं काही होत नाही. इथं येऊन बघा. लॅबमध्ये, मेसमध्ये, स्टेशनवर मराठी ऐकू येतं. आणि ते पुणेरी नसतं. थिन फिल्म, सोलर सेल, सुपरकॅपॅसिटर, सगळीकडं आपली पोरं.

याचं कारण आपल्या गरिबीत आहे. व्हॅक्यूमची महागडी यंत्रं नव्हती, म्हणून आपल्याकडं रासायनिक पद्धतीनं पातळ थर, म्हणजेच थिन फिल्म, चढवायचं काम वाढलं. काचेची पट्टी घासून धुवायची, बीकरमध्ये उभी करायची, कॅडमियमचा क्षार, थायोयुरिया, वर अमोनिया. डोळ्यांत पाणी येतं. वॉटर बाथवर तापवत बसलं की द्रावण पिवळं व्हायला लागतं आणि काचेवर पिवळा थर चढतो. हे हातानं केलेलं पोरगं कोरियन प्रोफेसरला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतं.

हडपसरकर

उपयोगी पडतं, हे बरोबर बोललात. स्वस्तातला हात. आणि पेपर तरी कसले? आज एक धातू मिसळून एक पेपर, उद्या दुसरा मिसळून दुसरा. आलेख तोच, शीर्षक बदललं. याला आमच्याकडं कॉपी पेस्ट म्हणतात.

ग्वांगजूवरून

तुम्ही दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधता आणि आम्हाला स्वस्तातला हात म्हणता? माझे वडील साखर कारखान्यात हंगामी होते. गावातलं घर मी बांधलं, याच पेपरांवर. रात्री दोनला सॅम्पल काढायला एकटं लॅबला जाऊन बघा, मग बोला.

हडपसरकर

घर बांधलं म्हणून विज्ञान झालं का? मग माझंही विज्ञानच. फ्लॅट आहे माझा.

कागलची_आई

कोरियाला मुलींची राहायची सोय कशी असते? जेवणाचं काय?

ग्वांगजूवरून

ताई, वसतिगृह असतं विद्यापीठाचं. भाजी महाग, तांदूळ चिकट, पण कुकर घेऊन आलं की निभतं. कांदा-लसूण मसाला घरून आणायचा, एवढं मात्र विसरायचं नाही.

गंगावेस_कट्टा

चटणी म्हणा ओ. परदेशात जाऊन मसाला म्हणायला लागले.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

कोरिया, पुणं, सगळं झालं. शिरोली कुणाला आठवली न्हाई. आमच्या फौंड्रीत मागं एक बीएस्सीचं पोरगं स्पेक्ट्रोवर, म्हणजे लोखंडात काय किती हाय ते सांगणाऱ्या मशीनवर, ठेवलं होतं. कार्बनचा आकडा रोज वरखाली. ऑपरेटर म्हणायचा मशीन बिघडलं, आम्ही माणूस बोलवायचो, बिल भरायचो. या पोरानं नमुना फोडून बघितला. आत राखाडी. त्यो पांढरा गोठला पायजे, न्हाईतर ग्राफाइट सुटतं आणि स्पेक्ट्रोचा कार्बन भरवशाचा राहत न्हाई. नमुन्याचा तांब्याचा साचा सारखा वापरून तापलेला असायचा, म्हणून लोखंड हळू गोठत होतं. दुसरा साचा आणला, आकडा जाग्यावर. आमच्याकडं डिप्लोमावाले, डिग्रीवाले सगळे होते, पण नमुना फोडून बघायचं एकाच्या पण डोक्यात आलं न्हाई.

हडपसरकर

आणि त्या पोराला पगार किती देत होता?

शिरोलीचा_फौंड्रीवाला

सुरुवातीला कमीच. नंतर वाढवला. तवर पोरगं गेलं चाकणला.

हडपसरकर

हा हा. बघा.

राजारामपुरीकर

हसू नका, पगार मालकानं दिला नाही यात पोराच्या शिक्षणाचा काय दोष? तुम्ही आणि ते क्लासवाले एकच गोष्ट करताय. गावात किंमत मिळत नाही हे खरं, म्हणून पोरीनं आवडच बदलायची. शाहू महाराजांनी 1901 ला बोर्डिंग काढलं तेव्हा खेड्यातल्या पोरांना इथं कुठं नोकऱ्या वाट बघत होत्या?

हडपसरकर

शाहू महाराज आले म्हणजे आता वाद घालायची सोय राहिली नाही. बरं, वर्ष वाया जात नाही हे मान्य. पाचाचे पाचच राहतात, तेवढी बेरीज मलाही येते. पण चौथ्या वर्षाला खराखुरा प्रोजेक्ट मिळणार असेल तरच. नुसता ऑनर्सचा शिक्का असेल तर मी सरांच्या बाजूनं.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

प्रोजेक्ट मी देतो की. एसजीचं, म्हणजे आत ग्राफाइटच्या गोल गाठी असलेल्या लोखंडाचं, कास्टिंग करतो, मॅग्नेशियम टाकल्यावर ओतायला उशीर झाला की गाठी बिघडतात, काम रिजेक्ट. किती मिनिटांनी किती बिघडतं ह्ये आमच्या भट्टीवर कुणी मोजलेलं न्हाई. भाचीला पाठवा. सूक्ष्मदर्शक हाय, पॉलिशिंग मशीन हाय. येताना बूट घालून यायला सांगा, चपलांवर आत सोडत न्हाई.

राजारामपुरीकर

हे झालं बोलणं. तासिकावाले सर, तुम्ही बघाल का तिचं काम? रागावला असाल तरी विचारतो.

तासिकावाला

रागावलोच आहे. तरी बघेन, फुकट बघेन, सवय आहे. पण फॉर्मवर गाईड म्हणून माझी सही चालत नाही. कायम माणसाची लागते. आमच्या विभागात आता एकच सर कायम आहेत आणि ते मे महिन्यात रिटायर होतायत.