‘प्रत्येक शाखा वेगळी असते’ हे कारण आता पुरे

उघडं टर्मिनल (धागाकर्ता)

शाखांमधल्या राउटर-स्विचची कॉन्फिग, म्हणजे त्यांच्या सेटिंगच्या ओळी, प्रत्येकात हाताने लिहाव्यात की सगळीकडे एकाच साच्यातून जाव्यात, यावर परवा इथेच एकाने लिहिलं होतं: “माझ्याकडे ६० शाखा आहेत, प्रत्येक शाखा वेगळी असते. साचे, ऑटोमेशन हे मोठ्या कंपन्यांचे थाट. पुटी (राउटरात दुरून शिरायचा प्रोग्राम) उघडायची, चार ओळी टाकायच्या, काम झालं.” त्याखाली “अगदी बरोबर” म्हणणाऱ्यांची रांग. मला ते पटलं नाही, आणि दोन ओळींत उत्तर देता येण्यासारखंही नाही.

शाखा वेगळी म्हणजे नेमकं काय वेगळं? होस्टनेम (राउटरचं नाव), आयपी, थोडे व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं), लिंक देणारा प्रोव्हायडर. एनटीपी (घड्याळ जुळवणं), सिसलॉग (नोंदी पाठवणं), एसएनएमपी (दुरून देखरेख), टॅकॅक्स (केंद्रीय लॉगिन), व्हीटीवायवरची एसीएल (दुरून कोणी शिरायचं त्याची यादी) यांत शाखागणिक वेगळं असायचं कारणच नाही. तरी असतं. मी आमच्याकडची सगळी कॉन्फिग एकत्र काढून ताडून पाहिली. १३ राउटरांत कधीच बंद केलेला एनटीपी सर्व्हर अजून होता. ७ ठिकाणी एसएनएमपीची कम्युनिटी, म्हणजे तिचा पासवर्डच, सगळ्यांना ठाऊक असलेला ‘पब्लिक’. आणि ४ ठिकाणी रनिंग (आत्ता चालू असलेलं कॉन्फिग) एक, स्टार्टअप (जतन केलेलं, सुरू होताना वाचलं जाणारं) दुसरंच. म्हणजे वीज जाऊन आली की तो राउटर कुठल्या काळात जागा होईल ते देव जाणे.

यात कोणाचा खोडसाळपणा नाही. मध्यरात्री लिंक पडते, कोणीतरी एक ओळ टाकून ती उठवतो, झोपायला जातो. ती ओळ पुढची पाच वर्षं तिथेच.

माझं म्हणणं एवढंच की खरं कॉन्फिग गिटमध्ये (प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात) असावं आणि राउटरात त्याची नक्कल. दोघांत फरक दिसला तर कारण लिहून साचा बदला, नाहीतर राउटर सुधारा. तिसरी वाट नको.

जुना कन्सोलवाला

ती पोस्ट माझी. आता माझंही ऐका.

आधीच्या नोकरीत असंच सगळं साच्यातून चालायचं. एका पोराने ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवर) नवा व्हीलॅन द्यायला ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ लिहिलं. आधीच्या यादीत भर घालणारा ‘ॲड’ शब्द राहिला. म्हणजे ३० आत आला आणि बाकी सगळे बाहेर, ज्यातून आम्ही स्विचपर्यंत पोचतो तो मॅनेजमेंटचा व्हीलॅनसुद्धा. प्लेबुक (ऑटोमेशनची कामांची यादी) ४० स्विचवर एका दमात चाललं. गाड्या काढून ठिकठिकाणी थेट स्विचला कन्सोल केबल लावत फिरलो, तीन दिवस. हाताने केलं असतं तर पहिल्याच स्विचवर हात थांबला असता.

२०२१ च्या ऑक्टोबरात फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या वेळी दिलेली एक कमांड, ती अडवायला असलेल्या तपासणीच्या साधनातच दोष, आणि सगळा बॅकबोन (डेटा सेंटरं जोडणारं मुख्य जाळं) खाली. त्यांच्याकडे तर माणसं आणि साधनं दोन्ही होती.

उघडं टर्मिनल

‘ॲड’ हातानेही राहतो. ४० स्विच एका दमात घेतले, ही चूक होती. आधी एक, मग पाच, मग बाकीचे, आणि प्रत्येक टप्प्यावर लिंक जिवंत आहे का ते पाहायचं. जुनॉसमध्ये (ज्युनिपरच्या राउटरांच्या प्रणालीत) ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे, दहा मिनिटांत पुन्हा कमिट करून बदल पक्का केला नाही तर बदल आपोआप मागे जातो. सिस्कोवर निदान ‘रिलोड इन १०’ लावा, म्हणजे रद्द केलं नाही तर दहा मिनिटांनी राउटर स्टार्टअपवरून पुन्हा सुरू होतो.

जुना कन्सोलवाला

‘रिलोड इन १०’ची भलामण करू नका. ते लावून बदल केला, लिंक तुटली, राउटर रिलोड झाला आणि उठला तो दोन वर्षांपूर्वीचा. राइट मेमरी (रनिंग जतन करायची कमांड) कोणी केलीच नव्हती.

उघडं टर्मिनल

म्हणजे रनिंग आणि स्टार्टअप वेगळे. मी वर तेच तर लिहिलं!

फरकवाचक

दोघेही एक गोष्ट सोडताय. ॲन्सिबलने (साच्यातून कॉन्फिग पाठवणाऱ्या साधनाने) सिस्कोवर ओळी ढकलता तेव्हा साच्यात आहे आणि राउटरात नाही तेवढंच आत जातं. राउटरात जास्तीचं आहे ते तसंच राहतं. धागाकर्त्याच्या १३ राउटरांतल्या त्या जुन्या एनटीपी सर्व्हरच्या ओळी साचा हजार वेळा चालवूनही जाणार नाहीत. ओळीपुढे ‘नो’ लावून काढा, नाहीतर ‘कॉन्फिगर रिप्लेस’ने पूर्ण कॉन्फिग बदला. रोज हिरवा (‘सगळं ठीक’) निकाल बघून खूश होणारे बरेच जण फक्त अर्धी बाजू तपासत असतात.

उघडं टर्मिनल

हे खरं आहे. मीही वर्षभर तोच हिरवा निकाल बघत होतो.

शाखेतला माणूस

तुम्ही सगळे मुख्यालयात बसून बोलताय. राउटरसमोर उभा असतो तो मी. लिंक पडली की फोन मला, शिव्या मला, आणि बदल करायचा अधिकार देणारा एनेबल पासवर्ड मात्र तुमच्याकडे. एकदा प्रोव्हायडरने डब्बा बदलला, वॅन इंटरफेसचा (बाहेरच्या लिंकच्या पोर्टचा) स्पीड-डुप्लेक्स जुळेना. दोन ओळींचं काम. तिकीट टाकून सहा तास बसलो, कारण ‘सेंट्रल टीमच करेल’.

उघडं टर्मिनल

माफ करा, पण माझ्याकडे सापडलेल्या जास्तीच्या ओळींपैकी बऱ्याच शाखेतूनच टाकलेल्या होत्या. सगळ्यांना एकच एनेबल पासवर्ड, त्यामुळे कोणी टाकल्या तेही कळत नाही.

शाखेतला माणूस

म्हणजे आम्ही घाण करतो आणि तुम्ही साफ करता? पासवर्ड एकच ठेवायचं कोणी ठरवलं, शाखेने? टॅकॅक्स आहे ना तुमच्याकडे? मला माझ्या नावाचं लॉगिन द्या, इंटरफेस उघड-बंद करण्यापुरता अधिकार द्या. मी काय केलं ते लॉगमध्ये दिसेल.

जुना कन्सोलवाला

इथे मी याच्या बाजूने. लिंक मेली की तुमचं गिट त्या शाखेपर्यंत पोचत नाही. हात पोचतो तो याचाच.

उघडं टर्मिनल

लिंक मेली की टॅकॅक्सही पोचत नाही, मग स्थानिक खातं लागतंच, आणि फिरून तोच सामायिक पासवर्ड.

फरकवाचक

शाखागणिक वेगळा पासवर्ड, पाकिटात बंद. पाकीट फुटलं की बदलायचा. आमच्याकडे असंच आहे. शाखेने बदल केला तर दुसऱ्या दिवशी फरक दिसतो, आम्ही फोन करून विचारतो. ओरडत नाही, विचारतो. त्यातले काही बदल चक्क साच्यात घेतले आहेत.

उघडं टर्मिनल

बरं. शाखेतून झालेला बदल म्हणजे चूकच, असं मी धरून चाललो होतो. ते मागे घेतो. नोंद मात्र हवीच, त्यावरून हटणार नाही.

जुना कन्सोलवाला

मीही एक पायरी उतरतो, एकच. रॅन्सिड बसवतो. रोज रात्री कॉन्फिग वाचायचं, कालच्याशी ताडायचं, फरक मेलने पाठवायचा. राउटरात काहीही ढकलणार नाही.

फरकवाचक

एवढ्याने निम्मं काम होतं. जुन्या आयओएसवर (सिस्कोच्या राउटरांच्या प्रणालीवर) ‘एनटीपी क्लॉक-पीरियड’ ही ओळ आपोआप बदलत राहते. रॅन्सिड ती गाळतो, पण स्वतःची स्क्रिप्ट लिहिणार असाल तर आधी ती गाळा. रोज खोटे फरक आले की आठवड्याभरात मेल कोणी उघडत नाही.

शाखेतला माणूस

तो मेल शाखेलाही पाठवाल का? माझ्या राउटरात काय बदललं हे मला आजवर कधीच कोणी सांगितलेलं नाही.