गोल्फ आउटिंगमधला लिलाव: ठेवायचा की मोडीत काढायचा?

हडसनकाठ (धागाकर्ता)
आमचं मंडळ न्यू जर्सीत दर उन्हाळ्यात गोल्फ आउटिंग करतं, जमलेला पैसा महाराष्ट्रातल्या मुलींच्या एका वसतिगृहाला जातो. यंदा समितीत मी म्हटलं, लिलाव बंद करा. भडका उडाला. म्हणून इथे मांडतोय.

तो दिवस कसा जातो बघा. सकाळी शॉटगन स्टार्ट, सगळे फोरसम, म्हणजे चौघांचे गट, एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुटतात. स्क्रॅम्बल (गटातल्या सगळ्यात चांगल्या फटक्यावरून सगळ्यांनी पुढे खेळायचं) असला तरी अठरा होलना पाच तास सहज जातात. उन्हात भाजलेली, दोन बिअर झालेली माणसं जेवायला टेकतात, निम्म्यांच्या हातात गाडीची किल्ली असते, आणि नेमके तेव्हा आपण खेळाडूची सही असलेली बॅट नाचवत उभे राहतो. गेल्या वर्षी 200 डॉलरचं स्पाचं कूपन 90 ला गेलं. घेणारा खूश, पण याला देणगी म्हणायचं की सेल? त्यापेक्षा सरळ विचारा, एका मुलीचा वर्षाचा खर्च कोण उचलतंय? पॅडल (हातातली नंबराची पाटी) वर करा. वस्तू नको, घासाघीस नको.

बोगीबहाद्दर
साफ असहमत. पॅडल वर करा म्हटलं की दरवर्षीचेच पाच हात वर येतात, बाकीचे ताटात बघतात. लिलावाची गंमत ईर्ष्येत आहे. एरवी पन्नासचा चेक लिहिताना हात आखडणारा माणूस साडूला हरवायचं म्हणून हजारावर जातो. पैसे कुठल्या भावनेने आले हे वसतिगृह विचारत नाही.

आणि आपल्याकडे हे काही नवं नाही. लालबागच्या राजाला दानपेटी आहेच, तरी भक्तांनी वाहिलेल्या दागिन्यांचा दरवर्षी जाहीर लिलाव होतो. गांधीजी 1933-34 च्या हरिजन दौऱ्यात मिळालेली मानपत्रंसुद्धा भर सभेत लिलावात काढत. त्या कागदाची बाजारात काय किंमत होती?

हडसनकाठ
गांधीजी आपल्यासारखी इटलीतल्या टस्कनीची ट्रिप विकत नव्हते.

आकडेमोड
बरं झालं टस्कनीचा विषय निघाला. मी दुसऱ्या एका संस्थेचे हिशोब बघतो. या ट्रिपा बहुतेक कन्साइनमेंटवर येतात: कंपनी फुकट देत नाही, तिचा राखीव भाव ठरलेला असतो आणि वर येईल तेवढंच आपलं. समजा राखीव भाव 2600 आहे आणि बोली 3000 वर थांबली, तर मुलींना 400. टाळ्या वाजवणाऱ्या हॉलला मात्र वाटतं तीन हजार जमले. हे माइकवरून सांगायची कुणाची तयारी नसते. माझा राग लिलावावर नाही, या लपवाछपवीवर आहे.

करसवलतीचंही तसंच. 700 ची वस्तू 900 ला घेतली तर वजावट फक्त वरच्या 200 ची, तीही बाजारभाव आधी जाहीर केला असेल तर. म्हणून बोलीच्या कागदावर तो छापाच. आणि 75 डॉलरच्या वर पैसे घेऊन बदल्यात काही दिलं, तर त्या वस्तूची अंदाजे किंमत संस्थेने देणाऱ्याला लेखी कळवावी लागते. आणखी एक: कुणी स्वतःच्या बीच हाउसचा आठवडा लिलावाला दिला, तर घर वापरू देण्याबद्दल त्याला वजावट मिळत नाही. हे त्याला आधी सांगा, नाहीतर एप्रिलमध्ये टॅक्स भरताना त्याचा फोन येतो.

चिपिंगवाली_ताई
दोघंही वस्तूंवर घसरताय, वस्तू कुठली ते बघत नाही. कूपनं, परफ्यूमच्या टोपल्या, हेडफोन हे सगळं ऑनलाइन मिळतं. लोक फोनवर भाव बघतात आणि त्याच्या खालीच थांबतात. चढते ती विकत न मिळणारी गोष्ट. आमच्याकडे एका सदस्याने आपल्या प्रायव्हेट क्लबवर तिघांना घेऊन खेळायचं कबूल केलं होतं, गेस्ट फी त्याचीच. त्या क्लबचं गेट बाहेरच्याला उघडतच नाही. समोर चाळिशीतले बारा-पंधरा गोल्फवेडे बसलेले. निवेदकाला बोलावंच लागलं नाही, दोन टेबलं आपापसातच भिडली.

तेव्हा लाइव्ह लिलावात चारच गोष्टी ठेवा. तो बक्षिसांच्या *आधी* घ्या; बक्षिसं वाटून झाली की हॉल रिकामा होतो. सायलेंट लिलावाचे, म्हणजे ज्यावर लोक बोली लिहून ठेवतात ते, कागद सकाळी नोंदणीच्या टेबलावरच मांडा आणि जेवण चालू असताना बंद करा. आणि कृपा करून निवेदकाला विनोद आवरायला सांगा.

बोगीबहाद्दर
सही केलेल्या बॅटा, गोल्फच्या होलवरचे झेंडे? ते तर हमखास जातात.

चिपिंगवाली_ताई
जातात, पण खरे कशावरून? एफबीआयचं ऑपरेशन बुलपेन आठवा, खोट्या सह्यांचा केवढा मोठा धंदा उघडा पडला होता. पडताळणीचा कागद नसेल तर मी हात लावणार नाही. मास्टर्स या गोल्फ स्पर्धेची तिकिटंही कुणी आणून दिली तर परत करा. ती भरवणारे ऑगस्टा क्लबवाले पुनर्विक्री खपवून घेत नाहीत.

रोखठोक_काका
गोल्फ कशाला मुळात? क्लबचं भाडं, कार्ट, जेवण, टोप्या. तेवढ्यात वसतिगृहाचं छप्पर झालं असतं.

आकडेमोड
काका, भाडं खेळणाऱ्यांच्या फीतून आणि होल स्पॉन्सरांकडून निघतं. छपरासाठी थेट चेक द्यायला कुणी अडवलेलं नाही, पत्ता पाठवू का?

हडसनकाठ
ताईंचा क्लबवाला मुद्दा पटला, चारपैकी दोन वस्तू तशा मिळवतो. कन्साइनमेंटला माझा विरोध कायम, समितीत त्यावर मतदान मागणार. आणि पॅडल रेज, म्हणजे पाटी वर करून सरळ देणगी, लिलावाच्या ऐन मधे घालणार, शेवटी नाही. बोगीबहाद्दरांचे साडू तापलेले असतानाच. स्पाची कूपनं उरली तर फिफ्टी-फिफ्टीबरोबर (अर्धे पैसे विजेत्याला, अर्धे संस्थेला) रॅफलमध्ये, म्हणजे तिकिटांच्या सोडतीत, टाकू.

आकडेमोड
थांबा. न्यू जर्सीत रॅफलला आधी राज्याच्या आयोगाकडे नोंदणी लागते, मग ज्या गावात क्लब आहे तिथल्या नगरपालिकेचा परवाना. तिकिटाच्या पैशावर करसवलतही नाही. जूनचा कार्यक्रम असेल तर अर्ज आत्ताच टाका.