'तेवढंच त्याचं सुख' म्हणून विडी चालू ठेवायची का?

साखळीकर
धाकटा भाऊ, वय ४४, स्किझोफ्रेनिया. गेली काही वर्षं क्लोझापिन या औषधावर बरा आहे. रोज विडीचा अख्खा कट्टा संपवतो. चवथीला सगळे जमले असताना म्हटलं, यंदा ह्याची विडी सोडवायचीच. सगळे माझ्यावरच उठले. आत्या म्हणाली, "त्या बापड्याला दुसरं सुख काय आहे?" मामांना हार्ट अटॅक आला तेव्हा हीच आत्या त्यांच्या खिशातली पाकिटं शोधून फेकत होती. असा गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि बरीचशी हृदयाच्या नि फुप्फुसांच्या दुखण्यानं. मग भावाची छाती आत्याला छाती वाटत नाही का?

पोरसातला
तुम्ही संध्याकाळी काय करता? दुकान, मित्र, भजन. तो तिंट्यावर, म्हणजे नाक्यावर, विडी घ्यायला जातो तेव्हा गाडेकार त्याच्याशी दोन शब्द बोलतो. विडी काढाल तर ते दोन शब्दही जातील. त्याबदल्यात काय देणार आहात, ते आधी सांगा.

साखळीकर
हे लागलं. उत्तर नाही माझ्याकडे.

वॉर्डातली ताई
मानसोपचार वॉर्डात मी बरीच वर्षं काढलीत, म्हणून जरा लांब लिहिते. साखळीकरदादा, कृपा करून परस्पर विडी बंद करू नका! धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन लवकर संपवतं, त्यामुळे ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. विडी अचानक थांबली की तोच डोस आठवडाभरात अंगात साठायला लागतो. मग गुंगी, लाळ गळणं, कधी फिट. ओलान्झापिन या दुसऱ्या औषधाचंही थोडंफार असंच. हे काम धुराचं, निकोटिनचं नव्हे. त्यामुळे निकोटिनचा च्युइंगम किंवा पट्टी लावली म्हणून डोस जुनाच चालेल असं समजू नका. आधी डॉक्टरांना सांगा, रक्तातलं प्रमाण तपासता येत असेल तर तपासा, मग तारीख ठरवा. आणि पुन्हा ओढायला लागला तर तेही लपवू नका, तेव्हा औषध कमी पडतं.

बाकी 'विडी सोडली की डोकं बिघडतं' हे मी खूप ऐकलंय. सोडतानाची चिडचिड आणि मूळ आजार यांत लोकांची गल्लत होते. २०१६ साली विडी-सिगारेट सोडवणाऱ्या औषधांची आठ हजारांहून जास्त लोकांवरची मोठी चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना मानसिक आजार होता, पण तब्येत स्थिर होती. व्हॅरेनिक्लिन, बुप्रोपिऑन, निकोटिन पट्टी आणि नुसती साखरेची गोळी यांची तुलना केली, तेव्हा या औषधांनी मानसिक त्रास लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही. मात्र बुप्रोपिऑननं फिटचा धोका वाढतो, क्लोझापिनवाल्यांनी ते स्वतःहून घ्यायचं नाही.

नेहमीचा विरोधक
ताई, ब्रिटनमधली २०१९ची चाचणी पण सांगा की. गंभीर मानसिक आजाराचे ५२६ लोक, खास शिकवलेले कार्यकर्ते, घरी जाऊन मदत. वर्षानं सुटलेले १५ टक्के, नेहमीच्या उपचारात १०. तो फरकही ठाम म्हणता येईल इतका नव्हता. म्हणजे इतकी माणसं राबूनही ८५ जण ओढतच राहिले. आपल्याकडे गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ओपीडीत पाच मिनिटं मिळाली तरी नशीब. कोण करणार एवढं?

वॉर्डातली ताई
सहा महिन्यांचा आकडा गाळलात. १४ आणि ६, दुपटीहून जास्त. पुढे टिकवायला माणूस कमी पडतो, हे मान्य. पण 'टिकत नाही' म्हणून मधुमेहाच्या गोळ्या कोणी बंद करत नाही.

दोन्ही बाजू पाहिलेला
मी बायपोलर. एका इस्पितळात होतो तेव्हा शहाण्यासारखं वागलं की सिगारेट मिळायची. ओढायला तिथंच शिकलो. सुटायला तीन खेपा लागल्या. इथं सगळे त्याच्याबद्दल बोलताहात, त्याला कुणी विचारलं? आणि पोरसातल्याबाब, मी आता गाड्यावर चहा घेतो, गाडेकार तेवढंच बोलतो.

पोरसातला
तुमचा गाडेकार चांगला असेल. आमच्याकडे चहा घेऊन रेंगाळलं की बाक मोकळा करायला सांगतात.

साखळीकर
काल रात्री सोप्यावर बसून विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सकाळच्या चार ठेवीन, बाकीच्यांचं बघू. डॉक्टरकडे तू चल, मला नीट सांगता येत नाही. आणि आत्याला सांगू नको." गुरुवारी बांबोळीला जातोय.